आमचा मळा कुणी घेतला नाही

लग्न होऊन मी मंगरूळपीरला मळ्यात आले, तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो. सासूबाई, नवरा आणि मी. सासरे आधीच गेलेले. मळा आमचा नव्हता, गावातल्या एका मालकाचा होता. दर गुढीपाडव्याला तो पुढच्या सालासाठी आम्हाला कसायला मिळायचा आणि विहिरीजवळची झोपडी मळ्याबरोबरच यायची. मळा गेला की घरही गेलं, हे मला पहिल्याच पाडव्याला कळलं. त्या दिवशी मालकाचा होकार येईपर्यंत सासूबाईंनी चूल पेटवली नव्हती.

पुढच्या संक्रांतीनंतरची गोष्ट. सकाळी मोट चालू असताना तिचा जाड दोर, नाडा, तुटला. बैल उतारावरून खाली जाताना नवरा नाड्यावर बसलेला असायचा. तो धावेच्या, म्हणजे त्या उताराच्या, कडेच्या दगडांवर फेकला गेला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि बजावलं, "ऊन तापेपर्यंत याले जागचं हलू देऊ नोका."

मला तेव्हा सातवा महिना होता. सासूबाई स्वतः मोट हाकायला गेल्या. बाईनं मोट हाकायची रीत नव्हती, पण त्यांनी त्याची पर्वा केली नाही. बैलांनी मात्र त्यांना दाद दिली नाही. नवऱ्याच्या आवाजाशिवाय ते पाऊल उचलत नसत. नाडा ओढून सासूबाईंच्या तळहाताची सालं निघाली. मग घागरीनं पाणी शेंदून त्या जेवढी वांगी जगतील तेवढी जगवू लागल्या. कांद्याच्या वाफ्यांना भेगा पडल्या. मेथी पिवळी पडली.

एक दिवस मालक आले. वाईट माणूस नव्हता तो. खाटेजवळ बसून त्यांनी पायाची चौकशी केली आणि मग बांधावरून एक फेरी मारली.

"मळा वाळून राह्यला, बाई," ते सासूबाईंना म्हणाले.

"पोराचं हाड जुळून पाय धरला की मी पुन्हा हिरवा करतो, मालक."

"तो कधी धरन? विहिरीत पानी हाये अन् वांगे सुकून राह्यले. पाडव्याले मी मळा दुसऱ्याले देतो. तवरिक झोपडी खाली करा."

"सून अवघडलेली हाये. तिले घेऊन मी कुठी जाऊ?"

मालकांनी माझ्याकडं पाहिलं, नजर खाली घातली, पण शब्द मागं घेतला नाही.

सासूबाईंनी हे कुणाला सांगितलं नाही. बाजाराच्या दिवशी टोपलीभर वांगी घेऊन आम्ही दोघी बसलो. शेजारी पलीकडच्या मळ्यातली बाई भाजी घेऊन बसली होती. पाण्याच्या दांडावरून तिची आणि सासूबाईंची कधीतरी जुंपली होती. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "तुह्या सासूले सांग, मालक आमच्याकडं आला होता. मळा घ्या म्हने. आमी नाई म्हटलं."

सासूबाई माझ्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. समोर बघतच त्या मला म्हणाल्या, "तिले विचार, काहून नाई म्हटलं?"

"तिले सांग, उद्या माह्या घरधन्याचा पाय मोडला तर माह्या झोपडीत दुसरं कोनी येऊन बसलेलं मले पाह्यचं नाई. अन् बाकीच्या मळेवाल्यांलेही आमी तसंच सांगतलं."

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. मग त्या बाईच्या टोपलीतली कोथिंबीर उन्हात आली होती, ती हातानं सावलीत ओढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना त्या बाईचा नवरा आमच्या विहिरीवर हजर. बैल त्याचंही ऐकेनात. झोपडीतून माझा नवरा ओरडला, "मले खाटेसगट धावेवर नेऊन ठेवा ना! मी आवाज देतो!" आजूबाजूच्या मळ्यांतून आणखी तिघं आले आणि चौघांनी खाट उचलून धावेवरच्या निंबाखाली ठेवली. नवऱ्यानं आडव्यानंच बैलांना हाक मारली आणि बैल चालले. मोट वर आली, पाणी दांडात पडलं, तसे सगळे हसायला लागले. त्या दिवसापासून पाळी लागली. आज एक, उद्या दुसरा. दर्ग्याच्या वाटेवर काकड्या लावणारे म्हातारे चाचाही यायचे. बायका आपल्या मळ्यातलं काम उरकून आमचं निंदून द्यायच्या. वांग्यांना नवी फूट आली. कांदा सावरला.

इकडे मालकांना मळा घ्यायला कुणी मिळेना. आसेगावापर्यंत विचारून झालं. शेवटी इंझोरीचा एक माणूस तयार झाला. त्याच्या गावची विहीर आटली होती. पाडवा तोंडावर आलेला असताना मालक त्याला घेऊन मळा दाखवायला आले. सासूबाईंनी त्याला गूळ-पाणी दिलं. पाणी पिता पिता तो खाटेवरून बैल हाकणाऱ्या माझ्या नवऱ्याकडं बघत राहिला. मग मोटेवरच्या शेजाऱ्याला त्यानं विचारलं, "तू याचा भाऊ का?"

"नाई गा. मी पलीकडच्या मळ्यातला."

"मग कायले मोट हाकून राह्यला?"

"त्याचा पाय मोडला ना."

त्यानं लोटा खाली ठेवला. "मालक," तो म्हणाला, "मले गरज हाये. पन ह्या मानसांले काढून मी इथं कसा राहू? मले नोको हा मळा."

मालक चिडले. "अन् सालभर इथं मोट कोन हाकन?"

"आमी," शेजारी म्हणाला. "त्याचा पाय धरेपर्यंत."

मालक पुन्हा एकदा बांधावरून फिरून आले. हिरव्या वाफ्यांपाशी बराच वेळ उभे राहिले. मग सासूबाईंना म्हणाले, "करा हे साल." सासूबाईंनी हात जोडले. मी म्हणाले, "चहा टाकते, मालक, बसा." ते बसले.

वैशाखात त्याच झोपडीत मला मुलगी झाली. नवऱ्याचा पाय धरला, जरा आखूड राहिला. पण दिवाळीपासून तो स्वतः मोट हाकू लागला आणि शेजाऱ्यांकडं कुणी आजारी पडलं की आपले बैल घेऊन जाऊ लागला.

इंझोरीच्या त्या माणसाला चाचांनी रिकाम्या हातानं जाऊ दिलं नव्हतं. "मेरे कने आ," ते म्हणाले होते, "अब मुझसे अकेले नई होता." तो बायकोमुलांना घेऊन आला आणि चाचांच्या जमिनीत वाट्यानं भाजी लावू लागला. वांग्याची रोपं त्याला आम्ही दिली. ती न्यायला त्याची बायको आली, तेव्हा तिनं आधी माझी मुलगी कडेवर घेतली, आणि रोपांची टोपली मी तिच्या मळ्यापर्यंत पोचवून आले.