मधे बसलेल्या रुपा मॅडम

पवनीत खताच्या एका दुकानावर रुपा मॅडमची खोली आहे. पाटी मोठी: 'एकात्मिक मानसोपचार व समुपदेशन'. पहिला महिनाभर बायका 'एकात्मिक' एवढंच वाचून, अंगणवाडीची भरती समजून जिना चढल्या. बाकी कोणी चढलंच नाही, कारण त्या जिन्यावर दिसलेला माणूस संध्याकाळपर्यंत अख्ख्या तालुक्यात वेडा ठरतो. ज्याला जायचंच असतं, तो आधी खाली युरियाचा भाव विचारतो.

रुपा आसगावची, धानवाल्या घरातली. शिकली नागपुरात. इथं परत आल्यावर तिला कळलं की आपल्याकडे स्वतःला दाखवायला कोणी येत नाही, दुसऱ्याला धरून आणतात. बाप पोराला, नवरा बायकोला. आणि म्हणतात, "मॅडम, हिले जरा समजवा." म्हणजे घरात आम्ही जे ओरडून सांगतो, तेच तुम्ही गोड आवाजात सांगा.

वासुदेवरावही असेच आले. (नावं बदलली आहेत. हे लिहा असं मला त्यांच्या सुनेनं, राखीनं सांगितलं, रुपानं नाही. ती कोणाचं काही बोलत नाही.) गाव धरणात गेलेलं, आता पुनर्वसनातल्या गावठाणात घर, एकेकाळचे सरपंच. सोबत सून राखी, धाकटा भाऊ, भावजय निर्मलाबाई, आणि जीपमध्ये जागा होती म्हणून दोन शेजारी. राखीचा नवरा कैलाश पुण्याला कंपनीत.

तक्रार निर्मलाबाईंनी राखीकडे बोट करून मांडली. "पहाटेच घराबाहेर जाते हे. कुठं जाते, सांगत नाही. लोक बोलून राहिले."

भाऊ म्हणाला, "समजली तर ठीक. नाही तर याच जीपनं कोंढ्याले, माहेरी सोडून देतो."

वासुदेवराव खिडकीबाहेर पाहत होते.

रुपानं राखी आणि वासुदेवरावांना ठेवून बाकीच्यांना खाली चहाला पाठवलं. सगळ्यात जास्त वाईट शेजाऱ्यांना वाटलं. मग शिकवलं होतं तशा तिनं दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. एकमेकांकडे पाहा, मनातलं थेट बोला. राखीनं पदर ओढला, खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. आमच्याकडे सून सासऱ्याशी तोंडावर बोलत नाही. भाजी अळणी आहे हे सासरा लेकराला सांगतो आणि सून तव्याला उत्तर देते. या रीतीवर मी सभांमध्ये कितीदा तोंड सोडलंय.

रुपानं तोंड सोडलं नाही. खुर्ची ओढून दोघांच्या मधे बसली. "मले सांग. मी मामाजीले सांगते."

राखी भिंतीला म्हणाली, "मामाजीले सांगा, मी त्याइच्याच मागं जाते."

"ऐकलं," वासुदेवराव म्हणाले.

"सांगा, ते धरणाच्या काठावर जाऊन पाण्यात उतरतात. आधी गुडघ्यापर्यंत, परवा कमरेपर्यंत. मी झुडपामागं उभी राहते. हाक मारता येत नाही मले."

"तिले सांगा, घर पाहाले जातो. आपलं घर तिथंच होतं."

"सांगा, आता पाणी हाय तिथं."

"मालूम हाय म्हणा."

"मंग कमरेपर्यंत कायले, विचारा."

रुपानं विचारलं नाही. प्रश्न पोचला होता. वासुदेवराव म्हणाले, "सांगा तिले, रोज वाटते, आज नाही परतलो तर कोणाचं काय अडते."

राखीची पाठ हलली. "मामाजीले सांगा, तसं झालं असतं तर लोकाइनं मलेच धरलं असतं, पहाटे तू तिथं कायले होती म्हणून. आणि मले पोहता येत नाही. तरी उतरली असती."

सरपंचकीत भल्याभल्यांना गप्प करणारा माणूस धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत बसला. रुपानं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की एकटं पाण्याकडे जायचं नाही, कैलाशला सगळं सांगायचं, आणि बुधवारी परत यायचं.

खाली जीपजवळ सगळे कान टवकारून उभे होते. वासुदेवराव म्हणाले, "कोंढ्याले जायची गरज नाही. पहाटे सून माझ्यासंगच फिराले येत जाईन. मॅडमचा हुकूम हाय."

"पण जात कुठं होती हे?" निर्मलाबाईंनी विचारलं.

"बस जीपमध्ये."

बुधवारी दोघंच आले. जिन्यावरूनच वासुदेवराव खाली दुकानदाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "सुनेचं थोडं बाकी राहिलं, म्हणून आणलं." आणि रुपानं काही म्हणायच्या आत स्वतः खुर्चीत बसून बोलायला लागले.