मावशीची न दुखणारी हिरडी

दाढ नुकतीच काढलेली, गाल टम्म सुजलेला, तरी मी यवतहून निघाले. कवठे येमाईच्या मावशीनं जत्रेला बोलावलं की नाही म्हणायची छाती आमच्या घरात कुणाची नाही. चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे शिरूर. दोन्हीकडं ऊस, मध्ये गतिरोधक. प्रत्येक गतिरोधकाला हिरडीतून थेट कानात कळ जायची. एसटीत शेजारच्या सीटवरच्या आजींनी निरखून विचारलं, "गालात सुपारी धरली व्हय गं?"

शिरूरच्या स्टँडवर लोक भजी खात होते. मी चहा निववून प्यायले आणि कवठ्याची गाडी धरली.

मावशीनं गाल बघितला आणि मशेरीची (तव्यावर जाळलेल्या तंबाखूच्या पुडीची) डबीच पुढं केली.

"डॉक्टर कशाला गाठायचा? ही दाबायची. माझी दाढ पडली तवापासनं रोज दाबतीय. कळ कसली ती न्हाई. बघ."

तिनं उजेडाकडं तोंड करून गाल ओढला. तिचं मन राखायचं म्हणून मी वाकले आणि हादरलेच. खड्डा भरलाच नव्हता. कडेची हिरडी पांढरी, जाड, वर आलेली. माझी कळ मी विसरून गेले.

"मावशी, हे कधीपासून असं आहे?"

"आसंल मागच्या ऊसतोडीपासनं. भाकरी खाती की मी."

स्वतःसाठी ती दवाखान्याची पायरी चढणार नाही, हे मला पक्कं ठाऊक. म्हणून दुसऱ्या दिवशी मला चक्कर येतेय असं खोटंच सांगितलं. ती लगेच ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्याबरोबर निघाली.

शिरूरच्या दातांच्या डॉक्टरांनी माझी हिरडी पाहिली. "गोळ्या पूर्ण करा, कोमट मिठाच्या पाण्यानं हळू चूळ भरा. उतरेल." मग मी मावशीला खुर्चीत बसवलं. ते बराच वेळ पाहत राहिले.

"यांना पुण्याला न्या. आजच. तुकडा काढून तपासायला हवा."

"आवो डॉक्टर, सूज तिला हाय," मावशी म्हणाली. "मला दुखत बी न्हाई."

त्यांनी पुण्याच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली.

परतीला यवतऐवजी आम्ही पुण्याची गाडी धरली. आमच्याकडं दुखत नाही म्हणजे बरं आहे, असंच धरून चालतात. मावशीच्या तोंडात बघेपर्यंत मीही तेच धरून चालले होते. कारेगावला कंपनीतले कामगार चढले, गर्दी झाली. मावशी माझ्याकडं सरकली आणि तिनं तळहात माझ्या सुजलेल्या गालावर ठेवला.

"लई दुखतंय का गं?"

मी हो म्हटलं आणि रडायला लागले. तिला वाटलं, दाढेनंच.