संत्र्याची नऊ झाडं आणि चार सेलचा पंप

घरात जुनी बटणं आणि किस्से कधी साठतात, कळत नाही. बटणांना निदान एखादा डबा असतो. किस्से मात्र वाती वळता वळता, शेंगा सोलता सोलता आपोआप बाहेर येतात. आमच्या मंगळवारच्या भजनाला कोणी नवी बाई आली, की वत्सलाबाई पेटी उघडायच्या आधीच मला म्हणतात, "हिले पंपाचं सांग वं." मग भजन बाजूला राहतं.

नागपुरात आमच्या घरामागे संत्र्याची नऊ झाडं. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मीच लावलेली. पण तीन वर्षं त्यांच्यावर कोळशी पडत होती. बारीकशी काळी माशी पानाखाली बसते, चिकट पाणी सोडते, आणि पान न् पान तव्याच्या बुडासारखं काळं होतं. फळ म्हणून धरत नाही.

शेवटी ह्यांनी सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत फळ दिसलं नाही, तर झाडं काढून दोन खोल्या बांधू. भाडेकरू काही काळा नाही पडत." मिस्त्रीलाही दिवाळीनंतर ये म्हणून सांगितलं.

मी त्याच दिवशी संत्रं सोडलं. माझ्या झाडाचं पहिलं फळ गणपतीपुढे ठेवीन, मगच तोंडात घालीन.

हे हसले. "नागपुरात राहून संत्रं कोण सोडते? सोडायचंच होतं तर कारलं सोडायचं."

मी म्हटलं, "कारलं मला आवडत नाही, हे देवाला माहीत आहे."

*

भजनातल्या आम्हा तिघींच्या परसात झाडं होती. वत्सलाबाईंकडे लिंबं, कुसुमताईंकडे पेरू. तिघींत मिळून एक फवारणीचा पंप घ्यायचं ठरलं. वत्सलाबाईंचं माहेर भिवापूरचं, मिरचीच्या शेतातलं. तेव्हा पंपातलं कळतं ते त्यांनाच, असं आम्ही धरून चाललो.

महाल भागातल्या दुकानदारानं दोन पंप पुढे ठेवले. एक पितळी, पाठीवर घ्यायचा, आणि एका हातानं दांडा सारखा वरखाली करत राहायचा. दुसरा अगदी नवा! पाठीवर हलका प्लॅस्टिकचा डबा, हातात लांब दांडी, दांडीत चार मोठे सेल आणि टोकाला गरगर फिरणारी चकती. बटण दाबलं की चकती फिरते आणि दवासारखा बारीक फवारा उडतो. मी तर बघतच राहिले.

दुकानदार म्हणाला, "ताई, विचार करून घ्या. सेलवालं सामान नाजूक असते."

वत्सलाबाई म्हणाल्या, "घागर घेताना टिचकी मारून पाहतो. पंप पाठीवर घेऊन पाहाव."

दोन्ही पंप त्यांनी पाण्यानं भरून घेतले. नऊवारीचा पदर खोचून आधी पितळी पंप पाठीवर चढवला, आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. मग दुसरा घेऊन गेल्या. सायकलरिक्षा थांबल्या, लोक जमले. एकानं दुकानदाराला विचारलं, "काहो शेठ, जाहिरातीले बाई ठेवली का?"

वत्सलाबाई डबा खाली ठेवत म्हणाल्या, "पितळी पंपानं झाड वाचन, पण बाई मरन. सेलवाला द्या."

*

आता भाव करायचा होता, आणि इथेच घोळ. भाव करण्यात आमच्यात हुशार एकट्या कुसुमताई. पण त्यांचं चातुर्मासाचं मौन सुरू होतं. सूर्य मावळेपर्यंत एक शब्द नाही.

दुकानदाराला काय ठाऊक? तो किंमत सांगून कुसुमताईंच्या तोंडाकडे बघत राहिला. त्या शांत. त्यानं थोडी कमी केली. त्या शांत. "बरं, सेल माझ्याकडून." त्यांनी डोळे मिटले, कारण मनात जप चालू होता. "एक जास्तीची चकती देतो." तरी शांत.

शेवटी तो माझ्याकडे वळून कळवळून म्हणाला, "ताई, ह्या बाईंना सांगा जी, आता दुकानच मागून राहिल्या ह्या."

*

नवी वस्तू घरी आली, तर तिला हळदकुंकू नको? आम्ही पंप पाटावर ठेवला, हार घातला, आरती केली. मग निंबोळ्यांचा अर्क तीनदा गाळून डब्यात भरला. चकती छान फिरली, पण अर्काचा थेंब येईना.

परत महाल. दुकानदारानं नळी उघडली, ठोकली, आणि तळहातावर पडलेलं बघत राहिला. कुंकू लागलेले तांदूळ.

"पंपात अक्षता कोणी घातल्या?"

वत्सलाबाई म्हणाल्या, "कोरा डबा तसाच भराव का? अपशकुन होते."

दुकानदारानं हात जोडले. "माय, हा पंप हाय. नवरदेव नाही."

*

मग एका संध्याकाळी कुसुमताईंना शंका आली. चातुर्मासात जीवहत्या कशी करायची? माशी झाली म्हणून काय झालं, जीवच ना?

मलाही ते टोचत होतंच. वत्सलाबाई मात्र म्हणाल्या, "आपण मारून नाही राहिलो. कडू प्यायला देऊन राहिलो. ज्याले नाही आवडत, त्यानं दुसरं घर पाहाव."

तरी कुसुमताईंनी आपलं केलंच. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी, मौन सुटल्यावर, त्या माझ्या एकेका झाडापाशी उभ्या राहिल्या आणि पानांखाली वाकून हळूच सांगत गेल्या, "बायांनो, उद्या सकाळी इथे फवारणी आहे. लेकरंबाळं घेऊन आजच निघा."

सकाळी पाहिलं, तर पहिल्या झाडावर माशा जरा कमीच वाटल्या. वत्सलाबाई म्हणाल्या, "नोटीस लागू पडली वं."

*

तिसऱ्या फवारणीला सहाव्या झाडापाशी चकती मंदावली. सेल संपले. रविवार, दुकानं बंद, आणि कालवलेला अर्क उरला तर वाया जाणार. मी देवघरापुढे क्षणभर उभी राहिले, क्षमा मागितली, आणि ह्यांच्या ट्रान्झिस्टरमधले चार सेल काढले. हे न्हाणीघरात होते.

दहा मिनिटांनी टॉवेल गुंडाळलेले हे परसात. रेडिओवरचा क्रिकेटचा सामना अटीतटीला आलेला.

"माझे सेल कुठं आहेत?"

मी दांडी पुढे केली. चकती ढिम्म. ह्यांनी दांडीचं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. मी चारातले दोन सेल उलटे घातले होते. ते सुलट करत म्हणाले, "एवढंही येत नाही, अन् झाडं वाचवायले निघाली." चकती भिरभिरली. "आता पहा. वरून नाही मारायचा. पानाखालून. अशी धर दांडी. सरक, तुले नाही जमत."

उरलेली चारही झाडं त्यांनीच फवारली. सामना कोणी जिंकला, हे आमच्या घरात आजही कोणाला माहीत नाही.

*

दिवाळी झाली आणि मिस्त्री दोरी, चुना घेऊन दारात उभा. नऊपैकी पाच झाडांवर लिंबाएवढी हिरवी फळं धरली होती. चार झाडं रिकामीच. ह्यांच्या हिशेबी पाच मोठे की चार, हे विचारायची माझी हिंमत होईना. मी मिस्त्रीला मागे घेऊन गेले.

हे रिकाम्या झाडांपैकी एकाखाली उकिडवे बसले होते. पाठीवर डबा, नाकातोंडाला माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, दोन खोल्यांचा पाया कुठून धरू?"

"एकच बांधायची आहे," हे न वळता म्हणाले.

"एकच? केवढी?"

हे उठले. पाठीवरचा पंप उतरवला, कुंपणाच्या भिंतीला टेकवून उभा केला, आणि दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"याच्याएवढी. अन् दार त्या बाजूनं काढ. फांदीले लागलं नाही पाहिजे."