एकाच पानावर सासू आणि जावई

‘एकदम’ डोळ्यांच्या दवाखान्यात पहिल्यांदा शिरला, तेव्हा काउंटरवरच्या ताईंना वाटलं, कुणाच्या तरी घराला आग लागलीय आणि हा उरलासुरला संसार वाचवून आणतोय. पाठीवर पोत्याएवढी बॅग, गळ्यात वायरी, काखेत हेल्मेट, दातांत पार्किंगची पावती. हात मोकळे नव्हते म्हणून दार त्याने कपाळाने ढकललं. तो निघाला दवाखान्याने फॉर्मसाठी बोलावलेला कॉम्प्युटरवाला. वेगवेगळं काही ठेवणं त्याच्या रक्तातच नव्हतं. बॅगेच्या एकाच कप्प्यात चार्जर, दात घासायचा ब्रश आणि जेवणाचा डबा गुण्यागोविंदाने नांदत. ‘एकदम करून टाकू’ हे त्याचं पालुपद, म्हणून नावही तेच पडलं.

ताईंचा जीव मात्र टांगणीला लागला होता. पेशंट, सोबतचा नातेवाईक आणि तपासणीची वेळ यांचे तीन वेगळे फॉर्म. प्रत्येक माणसामागे तीनदा भरा, तीनदा सेव्ह करा. रांग दाराबाहेर जाई. ती हटली नाही तर तुमची रवानगी तळघरात, जुन्या फायलींकडे, असं मॅनेजरनी सुनावलं होतं.

एकदमने तिन्ही फॉर्म एका पानावर आणले आणि खाली एकच बटण ठेवलं. एक भाग जरी चुकला तरी काहीच सेव्ह होणार नाही, नाहीतर पेशंट आत आणि नातेवाईक अधांतरी, असं त्याने समजावलं. ताईंनी खुशीत चहा मागवला.

दुसऱ्याच दिवशी एका सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी त्यांच्या जावयाला हाक आली. जावई भिडस्त. सासूदेखत नाही म्हणणं त्याला जमेना. निमूट बसला आणि नर्सने त्याच्या डोळ्यांत थेंब टाकले. त्याला समोरची भिंत दिसेनाशी झाली, तेव्हा सासूबाई थंडपणे म्हणाल्या, “मोतीबिंदू माझा आहे. पण याला थेंब टाकलेत ते बरंच झालं, यालाही काही दिसत नाही.”

पेशंट आणि नातेवाईक, दोघांच्या रकान्यांना एकदमने आतून, प्रोग्रॅममध्ये, ‘नाव’ हेच नाव दिलं होतं. त्यामुळे सेव्ह करताना खालचं नातेवाइकाचं नाव जाऊन वरच्या पेशंटच्या बोकांडी बसलं होतं.

“अरे बाबा, एका घरात दोन पोरांची नावं सारखी ठेवतात का?” ताईंनी विचारलं.

“एकदम सुचलं, तेच ठेवलं, ताई.”

मग त्याने प्रत्येक रकान्याला आडनाव लावल्यासारखं केलं. ‘पेशंट-नाव’, ‘नातेवाईक-नाव’. भांडण मिटलं. फॉर्म इतका सुटसुटीत झाला की लोक तो घरूनच मोबाइलवर भरून येऊ लागले.

रांग संपली. काउंटर काढून तिथे पाण्याचं मशीन बसवलं, आणि ताईंची बदली तळघरात झाली.