नऊ शर्ट आणि एक मिशी

रंगाचं पाकीट दातानं फोडू नये. पाकिटावर तसं लिहिलेलं होतं, शेजारी कात्रीचं चित्र होतं आणि माझ्यापासून दीड हातावर खरीखुरी कात्रीही पडलेली होती. पण गच्चीवर नऊ पोरं माझ्याकडे टक लावून उभी होती, आणि इतक्या पोरांसमोर कात्री शोधत फिरणारा माणूस उस्ताद दिसत नाही. मी पाकीट दातात धरून हिसका दिला. नुकताच चहा प्यालो होतो, मिशी ओली होती. निळी भुकटी फस्सकन उडाली आणि मिशीच्या डाव्या अंगाला जाऊन बसली. मी ती हातानं पुसली, तशी ती उजव्या अंगालाही पसरली. पिकलेली मिशी रंग फार लवकर धरते, ही माहिती मला त्या दिवशी मिळाली. त्या सबंध उद्योगात माझ्या पदरात पडलेलं ज्ञान ते एवढंच.

उद्योग टाय-डायचा होता. पांढरा शर्ट घ्यायचा, त्याला जागोजागी आवळून बांधायचं, रंगात बुडवायचा. बांधलेल्या जागी रंग पोचत नाही, मग सोडल्यावर जी काही दैना दिसते तिला डिझाइन म्हणायचं. याचे हल्ली छंदवर्ग असतात. त्यात पोरांचे आईबाप हातमोजे घालून उभे राहतात आणि प्रत्येक डागाला ‘वॉव’ म्हणतात. मला हा प्रकार पहिल्यापासून फालतू वाटतो आणि तसं वाटण्याचा मला वारसाहक्क आहे.

आमचं घराणं विणकराचं. आजोबा हातमागावर लुगडी विणत आणि काठाचं सूत घरीच रंगवत. काठाचा रंग फुटून मधल्या कापडात उतरला तर ते लुगडं बाजारात जात नसे. घरातल्या बाईनं ते नेसायचं. आमच्या घरच्या बायका जन्मभर रंग फुटलेली लुगडी नेसून वावरल्या आणि आजोबा त्यांच्याकडे पाहून रोज नव्यानं ओशाळत. ज्या गोष्टीनं माझा आजा मान खाली घालायचा, ती आता पोरांना मुद्दाम शिकवतात, वर टाळ्या वाजवतात.

एवढं तुच्छतेनं बोलणारा मी स्वतः काय करतो? मिहानमधल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. मागाला आयुष्यात हात लावलेला नाही. रंगाशी माझा संबंध प्रिंटरच्या शाईपुरता, आणि ती संपली की मी दुसऱ्याला हाक मारतो.

तरी मी यात पडलो, त्याला कारण माझी जीभ. सक्करदऱ्याकडे आमची सोसायटी आहे, तिच्यात दोन इमारती, पुढची आणि मागची. सव्वीस जानेवारीला दोघींच्या पोरांचा खो-खो होतो. पुढच्या इमारतीच्या पोरांनी या वर्षी पाठीवर नावं छापलेले तयार शर्ट आणले. माझी अकरा वर्षांची मुलगी मागच्या इमारतीची कॅप्टन. ती जेवताना हे सांगत होती आणि मी भात कालवता कालवता म्हणालो, “छापील शर्ट? छापील तर पोतंही असते. आमच्या घरात रंगाचं काम होतं. मी करून देईन, पाहत राहतील.”

भात संपायच्या आत ती खाली गेली आणि आपल्या टीमला सांगून आली, “माझे बाबा करून देऊन राहिले. आमच्या घरचंच काम आहे ते.” तिनं शब्द देऊन टाकला होता आणि तो पाळायचा होता मला. पोरांचा शब्द म्हणजे वाईट गोष्ट. आपण मोठे लोक देतो तसा तो नसतो. तो खरा असतो.

शर्ट आणायला मी गांधीबागेच्या कापडबाजारात एकटाच गेलो. बायको निघताना म्हणाली, “घ्याच्या आधी एक धागा काढून जाळून पाहा. सुती असन तर राख होते, नाही तर गोळी.” तिचं माहेर काटोलकडचं, संत्र्याच्या बागेतलं. विणकराच्या नातवाला कापड शिकवायला निघाली! मी नुसता हसलो.

दुकानात मी आजोबांसारखे डोळे मिटले आणि कापड अंगठा-बोटात धरून चोळलं. आजोबांना त्यातून काय कळायचं कोण जाणे. मला कळलं, की ते कापड आहे. दुकानदार अदबीनं पाहत होता.

“प्युअर कॉटन?” मी विचारलं.

“कॉटन ही समझो, साब. आप तो जानकार आदमी हो.”

त्यातलं ‘समझो’ मी घरी येईपर्यंत ऐकलंच नाही. ‘जानकार’ तेवढं ऐकलं. नऊ शर्ट घेतले.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी, सकाळच्या थंडीत गच्चीवर काम सुरू झालं. पोरांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेले होते. कोणाला भोवरा पाहिजे होता, कोणाला आकाशगंगा. एकानं भाजीच्या जुडीचे रबर जमवून आणले होते. रबर पाहून माझा संताप झाला. माळ्यावर पत्र्याच्या डब्यात आजोबांच्या हातच्या पांढऱ्या सुताच्या दोन लड्या होत्या. त्यांचं काय करावं हे तीस वर्षांत कोणाला सुचलं नव्हतं. त्या मी खाली काढल्या. “बांधाचं तर सुतानं बांधा,” मी ऐटीत म्हणालो. पोरांनी बांधायला घेतलं, पण त्यांच्या गाठी इतक्या ढिल्या, इतक्या वेड्यावाकड्या, की मी एकेक शर्ट त्यांच्या हातून ओढून घेतला आणि सगळे स्वतः बांधले. सारख्या अंतरावर, ओळीत, आवळून. आकाशगंगा वगैरे लाड बंद. नऊ पोरं भिंतीला टेकून माझी कलाकारी पाहत होती. त्यांच्यासाठी करत होतो म्हणे.

बायको कपडे वाळत घालायला वर आली. माझ्या मिशीकडे तिनं पाहिलं, बादलीकडे पाहिलं. मग म्हणाली, “पहिले एकच बुडवून पाहा ना.”

“त्यात काय पाहाचं?” मी म्हणालो आणि नऊही एकदम बुडवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा शर्ट पहिला सोडला. बाकीची आठ पोरं बादलीभोवती वाकली होती. सुताचे फास कापले, शर्ट नळाखाली धरला. पाणी निळं आलं. पुन्हा निळं आलं. मग फिकट आलं, मग स्वच्छ आलं, आणि हातात शर्ट राहिला तो पांढरा. पार पांढराही नाही. खिशात पेन गळल्यावर आई घासून घासून काढते, तसा. मी दुसरा सोडला. तिसरा सोडला. पाचव्यापर्यंत मी ‘पाणी फार थंड आहे’ असं काहीबाही बडबडत होतो.

“काका,” एक पोरगी हळूच म्हणाली, “चढलाच नाही.”

“दिसून राहिलं तिले बी,” मागं येऊन उभी राहिलेली बायको म्हणाली. तिनं एका शर्टाच्या शिवणीतून कापडाचा धागा ओढला आणि देवघरातली काडेपेटी आणून पेटवला. राख झाली नाही. काळी, कडक, मोहरीएवढी गोळी झाली. ती तिनं माझ्या तळहातावर ठेवली आणि खाली निघून गेली.

मुलगी रडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, “बाबा, तुम्ही तर म्हणत होते का तुमाले येते?”

“मी आत्ता जातो. छापील आणतो, आजच्या आज...”

“राहू द्या.”

या ‘राहू द्या’त जो तिरस्कार होता, तो मी छंदवर्गाला, हातमोज्यांना आणि रबराला मिळून कधी दाखवू शकलो नव्हतो. विणकराचा नातू म्हणून मी पोरांच्या गाठींना हसलो होतो, आणि मला सूत ओळखता आलं नव्हतं. नऊ पोरांना आता उद्या पुढच्या इमारतीसमोर धुवट शर्टांत उभं राहायचं होतं आणि माझ्या मुलीला त्या सगळ्यांच्या पुढे.

ती मात्र शर्टांकडे पाहतच नव्हती. गच्चीच्या फरशीवर मी कापून टाकलेलं सूत पडलं होतं. ते गर्द निळं झालं होतं, असं निळं की बादलीतल्या रंगात ते आहे यावर विश्वास बसू नये. आणि जिथं जिथं माझी गाठ होती, तिथं ते पांढरं राहिलं होतं. हातभर निळं, कणभर पांढरं, पुन्हा निळं. तिनं एक तुकडा उचलला, नळाखाली धरला, पिळला. निळा जागचा हलला नाही. तिनं बाकीच्यांकडे पाहिलं, तशी सगळी खाली बसून सूत गोळा करायला लागली.

दुपारभर जिन्यात पोरांनी त्या सुताचे पेड घातले. मला कोणी बोलावलं नाही. मी दोनदा उगाच पाणी भरायच्या निमित्तानं जिन्यातून गेलो. गाठी ढिल्याच होत्या. एकदा राहवलं नाही, हात पुढे केला, तर मुलगी म्हणाली, “हात नका लावू, बाबा.”

सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर नऊ पोरं पांढऱ्या शर्टांत, दंडाला निळे पेड बांधून मैदानात उतरली. हरली. चांगली दणकून हरली. पेडांच्या गाठी सुटत होत्या आणि पोरं धावता धावता दातांनी आवळत होती. ही सवय त्यांनी कोणाकडून उचलली ते विचारायची मला हिंमत झाली नाही. खेळ संपल्यावर पुढच्या इमारतीची कॅप्टन, पाठीवर स्वतःचं नाव छापलेली, माझ्या मुलीजवळ आली आणि तिच्या दंडाला बोट लावून म्हणाली, “कुठून घेतलं वं?”

“विकत नाही भेटत,” मुलगी म्हणाली, आणि तिच्याकडे पाठ फिरवून फोटोसाठी आपली माणसं जमवायला लागली.

मी कंपाउंडच्या भिंतीपाशी, मिशीवर रुमाल धरून, फोटोत येणार नाही अशा बेतानं उभा होतो. बायकोनं कोपरानं ढोसलं.

“रुमाल काढा अन् जा, उभे राहा त्यांच्या बाजूले. मिशी पाहून कोणीबी सांगन, हे याच टीमचे आहेत म्हणून.”