ज्ञानेश्वरीने न दिलेला दाखला

आमच्या कार्यालयात कुणाचा मेल आला नाही की पहिली हाक ज्ञानेश्वरीला. आला, तर तो आपोआप आलेला असतो. हे मी शेजारच्या टेबलावरून पाच वर्षं पाहते आहे. माझं नाव उमा. रत्नागिरीतल्या एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयात मी आवक-जावक सांभाळते, म्हणजे आलेल्या आणि गेलेल्या प्रत्येक कागदाची वहीत नोंद करून त्याला नंबर देते. संस्थेच्या अकरा शाळा आहेत. जे झालं त्यात माझ्या वहीचाही हात होता, म्हणून ते मीच सांगितलेलं बरं.

ज्ञानेश्वरी रामाणे पालीच्या पुढच्या एका वाडीतली. वडील मुंबईला कॅन्टीनमध्ये, आई तुळसाबाई घरची भातशेती बघतात. मुलगी बी.एस्सी. झाली आणि आमच्याकडे कनिष्ठ लिपिक म्हणून लागली. रोज एस.टी.ने येते-जाते. कोरोनाच्या वर्षी शाळांची सगळी पत्रं मेलवर आली आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मुख्याध्यापक आपापल्या खाजगी खात्यावरून पत्रव्यवहार करत होते. मुख्याध्यापक निवृत्त झाले की शाळेची पत्रंही त्यांच्याबरोबर घरी जात, पासवर्डसकट. संस्थेचा स्वतःचा मेल हवा असं सभेत ठरलं आणि काम आलं ज्ञानेश्वरीकडे, कारण तिच्या अर्जात ‘संगणक’ हा शब्द होता.

तिने वाचून, विचारून, चुकून, तीन महिन्यांत सर्व्हर उभा केला. भांडारखोलीत, गुंडाळलेले नकाशे आणि क्रीडादिनाचे झेंडे यांच्या मधे. खोलीच्या चिऱ्याच्या भिंतीला पावसाळ्यात ओल धरते, म्हणून तिने दोन बाक एकमेकांवर ठेवून त्यावर मशीन चढवलं. एकदा आत पाल शिरून जळाली आणि अकरा शाळांचा मेल दिवसभर बंद पडला. दुसऱ्या दिवशी ती मच्छरदाणीच्या कापडाचं आवरण शिवून घेऊन आली. वीज कडकडायला लागली की हातातलं काम टाकून आधी बाहेरची लाइन काढून ठेवायची. पद मात्र लिपिकाचंच राहिलं. वार्षिक अहवालात ‘संस्थेने स्वतःची ई-मेल यंत्रणा कार्यान्वित केली’ असं एक वाक्य होतं. कुणी केली ते नव्हतं.

गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला इंटरनेट देणाऱ्या कंपनीने जुनी लाइन काढून नवी टाकली. त्यात आमच्या सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे तो आकड्यांचा पत्ता, बदलला. आधी कळवलं काहीच नाही. येणारा मेल अचानक थांबला तेव्हा ज्ञानेश्वरीने शोधून काढलं, दुपारपर्यंत नवा पत्ता नोंदवला आणि मेल यायला लागला. सगळ्यांना वाटलं, झालं.

झालं नव्हतं. आमची पत्रं कोणत्या पत्त्यावरून निघू शकतात हे जगाला सांगणारी आणखी एक नोंद असते. तिच्यात जुनाच आकडा राहिला होता. हे तिच्या दोन दिवसांनी लक्षात आलं. तिने ती नोंद दुरुस्त केली आणि स्वतःच्या खाजगी खात्यावर एक चाचणीचं पत्र पाठवलं. ते परत आलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा परत.

कारण काय, असं मी विचारलं तेव्हा तिने मला समजेल असं सांगितलं. पाकिटावर पाठवणारा म्हणून आमच्या संस्थेचं नाव आहे. पण घेणारी मोठी कंपनी आधी त्या पत्त्यावर जाऊन बघते, दारावर पाटी कुणाची आहे. पाटी आमची नाही, इंटरनेटवाल्यांची आहे. मग ती पत्र दारातूनच परत करते. आणि ती पाटी आपल्याला बदलता येत नाही, ज्याचं घर त्यालाच बदलता येते. म्हणजे इंटरनेट कंपनीलाच.

गंमत अशी की आमच्या अकरा शाळांचा आपसातला मेल सुरळीत होता, कारण तो सर्व्हरच्या बाहेर जातच नव्हता. त्यामुळे कार्यालयात कुणाला काही जाणवलं नाही. शिक्षकांना वैयक्तिक पत्रं मात्र त्यांच्या खाजगी खात्यांवर जात. ती तेवढी पोचत नव्हती.

ज्ञानेश्वरीने कंपनीला फोन केला. पलीकडच्या माणसाने विचारलं की तुमचं नेट चालू आहे ना. चालू आहे म्हटल्यावर तो म्हणाला, मग तक्रार कसली? तिने लेखी तक्रार टाकली. संध्याकाळपर्यंत ‘तक्रार निवारण झाले’ असा संदेश आला. ती मारुती मंदिराजवळच्या त्यांच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत चालत गेली. तिथल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि सल्ला दिला की राउटर बंद करून चालू करा. असं चार वेळा झालं. चारही वेळा तक्रार बंद, चारही वेळा ‘निवारण झाले’. आमच्या दारात एकदाही कुणी आलं नव्हतं आणि दुरुस्ती कागदावर चार वेळा झाली होती. मला नुसतं ऐकून संताप येत होता. ती पाचवा अर्ज लिहीत होती.

दरम्यान तिने आमच्या सचिवांना, पेठेसरांना, लेखी टिपण दिलं. बाहेरच्या खात्यांवर मेल पोचत नाहीत, दुरुस्ती होईपर्यंत महत्त्वाची पत्रं टपालानेही पाठवावीत. १७ जून. पेठेसरांनी कोपऱ्यात ‘पाहिले’ लिहून सही केली. मी आवक नंबर घातला. पेठेसर दुष्ट माणूस नाहीत. गणित उत्तम शिकवायचे. पण ते कागदावर सही करतात ती वाचून करतातच असं नाही.

२१ जूनला त्यांच्या आस्थापना विभागाच्या खात्यावरून अनिल धुमक या शिक्षकांना पत्र गेलं. त्यांच्या शाळेत पटसंख्या घटल्याने ते अतिरिक्त ठरले होते. पत्रात तीन शाळांची नावं होती, सात दिवसांत पसंती कळवा, असं. टपालाने प्रत गेली नाही. मी नेहमीप्रमाणे जावक वहीत लिहिलं: ‘ई-मेलने पाठवले.’ टिपण मीच नोंदवलं होतं आणि तरी लिहिलं. हात सवयीने चालतो.

सात दिवस गेले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात धुमकांना राजापूर तालुक्याच्या पार टोकाच्या शाळेवर नेमल्याचा आदेश निघाला. बरोबर कारणे दाखवा नोटीस: संस्थेच्या पत्राला हेतुपुरस्सर उत्तर दिले नाही. हे दोन्ही कागद टपालाने गेले, आणि पोचले.

धुमक कार्यालयात आले ते नोटीस हातात घेऊनच. पालीत घर, आई पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं तेच करतात. तीन शाळांत पालीची शाळा होती हे त्यांना आमच्या टेबलासमोर उभं राहून पहिल्यांदा कळलं. त्यांनी फोन उघडून दाखवला, नको असलेल्या मेलचा कप्पाही दाखवला. पत्र कुठेच नव्हतं. पेठेसरांनी माझी जावक वही मागवली आणि माझ्या अक्षरातल्या त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. नोंद आहे म्हणजे पत्र गेलं. पालीची जागा तोवर दुसऱ्या एका बाईंना दिली गेली होती.

धुमक आवाज न चढवता म्हणाले, “सर, अठरा वर्षांत मी एक दिवस हजेरी चुकवली नाही. पत्राला उत्तर देणार नाही का?”

पेठेसरांनी वही मिटली. मी ती उचलून जागेवर ठेवली.

ते गेल्यावर पेठेसरांनी ज्ञानेश्वरीला बोलावलं. धुमक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाणार हे त्यांना दिसत होतं आणि फाइलला एक कागद हवा होता. त्यांनी मजकूर स्वतः लिहून ठेवला होता: ‘सदर ई-मेल दि. २१ जून रोजी यशस्वीरीत्या पाठविण्यात आला असल्याचा दाखला देण्यात येतो.’ खाली तिचं नाव, हुद्दा, सहीची जागा. हुद्दा ‘सिस्टीम प्रशासक’ असा होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तिने बघून सांगते म्हटलं आणि भांडारखोलीत गेली. सर्व्हर स्वतःची रोजनिशी ठेवतो. कोणतं पत्र कधी आलं, कुठे गेलं, समोरच्याने काय उत्तर दिलं, सगळं ओळीओळीने. तिने २१ जूनची ओळ काढली. अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी पत्र निघालं आणि चार सेकंदांत समोरून नाकारलं गेलं, कारणासकट. पुढची ओळ त्याहून वाईट होती. नाकारल्याची सूचना त्याच मिनिटाला आस्थापना विभागाच्या खात्यात येऊन पडली होती. म्हणजे पत्र पोचलं नाही हे ज्यांनी पाठवलं त्यांना तेव्हाच कळवलं गेलं होतं. कुणी बघितलं नाही, एवढंच.

तिने त्या ओळी छापून पेठेसरांसमोर ठेवल्या. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले की पाठवला हे तर खरं आहे, दाखल्यात तेवढंच लिहिलंय.

“सर, पाठवला आणि पोचला यात फरक आहे. हा परत आलाय.”

“तुझ्या सर्व्हरमुळे परत आला. हे बाहेर गेलं तर पहिली नोटीस तुला निघेल. कळतंय ना?”

“हो सर.”

“मग?”

“मग मी खरं काय झालं ते लिहून देते. त्यात माझी चूकही लिहीन.”

त्या दिवशी ती चारची एस.टी. सोडून माझ्यासमोर बसून अहवाल लिहीत होती. पत्ता बदलल्यावर दुसरी नोंद दुरुस्त करायला तिला दोन दिवस लागले हे तिने पहिल्याच परिच्छेदात घातलं. मी म्हटलं, अगो, ती चूक तर धुमकांच्या पत्राच्या कितीतरी आधी निस्तरली होतीस, त्या पत्राशी तिचा संबंध नाही, कशाला लिहितेस? ती म्हणाली की रोजनिशीत ती आहे, मग अहवालात का नको. मग तिने आईला फोन लावून उशीर होईल म्हणून सांगितलं, काय चाललंय तेही थोडक्यात सांगितलं. तुळसाबाईंचा आवाज मला इथपर्यंत आला: “खोटा काय लिवू नको, बाय. भाकरी झाकून ठेवतंय.”

मी १७ जूनच्या टिपणाची नक्कल काढली, आवक नंबरासह, आणि अहवालाला जोडली. जावक वहीतली ‘पाठवले’ ही नोंद पोच न बघता केली आहे असं एका कागदावर लिहून त्यावर सही केली. माझ्या नोकरीची चार वर्षं उरली आहेत.

पुढच्या आठवड्यात कार्यकारी मंडळाची सभा झाली. ज्ञानेश्वरीला पाऊण तास उभं ठेवलं. स्वस्तातलं काम असंच होतं, असं एक सभासद म्हणाले, आणि बाकीचे हसले. कुणीतरी विचारलं की नाकारल्याची ही सूचना खरंच आली होती का. तिने सरांनाच खातं उघडायची विनंती केली. पेठेसरांनी सगळ्यांसमोर उघडलं. २१ जूनची ती सूचना ठळक अक्षरांत, न वाचलेली, तशीच पडली होती. तिच्या खाली तसल्याच आणखी नऊ. नऊ शिक्षकांची नऊ पत्रं. सुदैवाने त्यांत मुदतीचं काही नव्हतं.

धुमकांची नोटीस मागे घेतली गेली. राजापूरची नेमणूकही रद्द झाली. पालीची जागा भरली होती ती भरलीच, त्यांना शहरातली शाळा मिळाली. रोज जाऊन-येऊन करता येतं, आईला दुपारी बघायला शेजारीण लागते. त्यांचं काही न चुकता त्यांना एवढं सोसावं लागलं, आणि संस्थेने त्यांना दिलगिरीचं एक वाक्य लिहिलं नाही. उलट मी तसा मसुदा करून ठेवला तो ‘गरज नाही’ असा शेरा मारून परत आला.

आणि ज्ञानेश्वरीला ज्ञापन, म्हणजे लेखी ताकीद मिळाली. तिनेच लिहून दिलेल्या दोन दिवसांच्या दिरंगाईबद्दल. सेवापुस्तकात त्याची नोंद झाली. जिने कबूल केलं तिला शिक्षा, आणि ज्यांनी टिपणावर ‘पाहिले’ लिहिलं, दहा सूचना न वाचता ठेवल्या, वर खोटा दाखला लिहून समोर सरकवला, त्यांच्या नावाने एक ओळ नाही. ही गोष्ट मला आजही गिळता येत नाही.

पाटीचं काम त्यानंतर झालं. ती सहाव्यांदा मारुती मंदिराला गेली तेव्हा टेबलावर रितेश नावाचा तंत्रज्ञ होता, एरवी खांबांवर चढून वायरी जोडणारा. त्याने तिचा अर्ज पूर्ण वाचला. वाचणारा तो पहिला माणूस. म्हणाला, इथून हे होत नाही, मुंबईहून होतं, आणि तिथे लाइन चालू दिसली की तक्रार आपोआप बंद करतात. त्याने ओळखीच्या एकाला फोन लावला, आकडा सांगितला, नाव सांगितलं. दहा मिनिटं लागली. साडेपाच आठवडे अडलेलं काम, ज्याच्यापायी एका माणसाच्या घरादाराची ओढाताण झाली, ते दहा मिनिटांचं होतं. तिने ऑफिसात येऊन चाचणीचं पत्र पाठवलं, ते पोचलं. तिने मान हलवली आणि बोनाफाइडचे दाखले टाइप करायला घेतले.

मी तिला ज्ञापनाविरुद्ध अपील कर म्हटलं. ती म्हणाली, “चूक माझी होती, उमाताई. ती राहू दे. धुमकसरांच्या माथी होती ती निघाली ना?”

तिचं तिच्यापाशी. मला ते पटलं नाही. ऑगस्टमध्ये आम्ही कार्यालयातल्या चौघींनी मिळून मंडळाला अर्ज केला की ज्ञापन रद्द करावं आणि २१ जूनच्या पत्राची जबाबदारी ज्याची त्याच्यावर निश्चित करावी. पेठेसरांनी त्यावरही ‘पाहिले’ लिहिलं. उत्तर आलेलं नाही. दुसरा अर्ज लिहून झाला आहे. या वेळी सह्या अकरा आहेत, त्यातली एक धुमकसरांची, आणि तो उद्या मी मेलने न पाठवता स्वतः नेऊन अध्यक्षांच्या हातात देणार आहे.