वेगळं काय ते ओळखा

आमच्या बालवाडीच्या मोठ्या बाईंना दयामाया कशी ती ठाऊक नव्हती. रडणाऱ्या पोराला त्या आधी कारण विचारायच्या आणि ते पटलं तरच डोळे पुसायच्या. "लाडाने पोरं गुटगुटीत होतात, हुशार नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांचा लाडका खेळ एकच. ताटात तीन चमचे आणि एक कंगवा ठेवायचा. वेगळं काय ते ओळखायचं, कारण सांगायचं आणि ती वस्तू ताटाबाहेर काढायची. उगाच अंदाज ठोकणाऱ्याची भर वर्गात खरडपट्टी निघायची. मी त्यांची मदतनीस, मीही त्यातून सुटले नाही.

निवृत्तीनंतर त्यांना विद्यार्थिनी एकच उरली, चार वर्षांची नात. परवा मी भेटायला गेले, तर नातीनेच आजीला कोडं घातलं.

"आई, बाबा, मी आणि आजी. यात वेगळं कोण?"

"तूच सांग."

"आजी!"

"कारण?"

"आमचे कप कपाटात असतात. तुझा एकटीचा बाहेर, नळापाशी."

चहा ओतणाऱ्या सुनेचा हात थांबला. मुलाने मोबाइलमध्ये तोंड खुपसलं. मला वाटलं, आता बाई पोरीला फटकारणार. पण कारण बिनचूक होतं, आणि बाई नियमाच्या पक्क्या.

"शाबास," त्या म्हणाल्या.

पोरीने आनंदाने टाळ्या पिटल्या, आजीचं बोट धरलं आणि तिला दाराकडे ओढू लागली.

"चल आजी, आता बाहेर!"

तिला कुणीही अडवलं नाही.